मालनच्या कमरेला काय होतं

"तिला कायमचीच द्या, सिस्टर. तात्पुरतीच्या नादाला लावू नका."

माझी जाऊ माझ्या खाटेपासून चार हातांवर उभी राहून नर्सला हे सांगत होती आणि मी डोळे मिटून ऐकत होते. झोपले नव्हते. दवाखान्यात झोप कुणाला लागते? शिवाय आपण डोळे मिटले की माणसं खरं बोलतात, हे मला खानावळीत उमर काढून कळलेलं आहे.

"मावशी, ते पेशंटनं ठरवायचं असतं," एस्तेर सिस्टर म्हणाली. "डॉक्टर येऊन सगळं समजावतील."

"ती न्हाई ऐकायची. तुम्ही डॉक्टरांच्या कानावर घाला. माझं नाव तेवढं घेऊ नका."

माझं नाव घेऊ नका! पडल्यापडल्या माझी कानशिलं तापली. उठून झिंज्या धरणार होते, पण हाताला सलाईन होतं.

मालन म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. दीर विष्णू पुण्याला कारखान्यात होता. तो गेला तेव्हा ही बाई एक ट्रंक घेऊन ह्यांच्याबरोबर आमच्या दारात उतरली. पोर ना बाळ. ह्यांनी तिला खानावळीच्या मागची खोली दिली आणि मी माझ्या शेजारची चूल. त्याला त्या वेळी पंधरा-सोळा वर्षं झाली होती. इंगवले खानावळ कुठल्या गावात आहे ते विचारू नका. नावं मी बदलून सांगतेय, शोधायच्या फंदात पडू नका. मिरजेपासून एसटीनं तासाभरावर समजा.

मला रक्त पडायला लागलं तेव्हा मूळव्याध म्हणून मी वर्षभर झाडपाला खाल्ला. मग मिरजेच्या दवाखान्यात कळलं की आतड्याच्या शेवटाला गाठ आहे, कॅन्सरची. महिनाभर मशीनखाली झोपवून शेक दिला, गोळ्या दिल्या. आता ऑपरेशन परवावर आलं होतं आणि अजून ठरलं नव्हतं की माझ्या पोटावर पिशवी लागणार ती काही महिन्यांसाठी का मरेपर्यंत.

दुपारी डॉक्टर मगदूम आले. आमचे हे आणि मालन दोघंही खोलीत होते. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, कागदावर एक वाकडी नळी काढली.

"बाई, गाठ लहान झालीय, पण जागा वाईट आहे. अगदी खाली, शौचाच्या वाटेच्या तोंडापाशी. ती काढायची एवढं नक्की. पुढं दोन प्रकारे करता येईल. एक म्हणजे आतडं खाली जोडायचं. जोड भरून येईपर्यंत चार-सहा महिने पोटाच्या उजव्या अंगाला पिशवी, मग दुसरं छोटं ऑपरेशन करून ती काढून टाकायची. दुसरं म्हणजे खालची वाट शिवून बंद करायची आणि डाव्या अंगाला पिशवी. ती कायमची."

"मग ह्यात विचारायचं काय? पहिलं करा."

"पुरतं ऐका. जोड इतका खाली येणार की तुम्हाला आवरून धरता येईल याची खात्री मी देत नाही. काहींना दिवसातून आठ-दहा वेळा पळावं लागतं. कधी पोचायच्या आत होतं. काहींचं वर्षा-दोन वर्षांत सुधारतं, काहींचं नाही. जोड सुटण्याचा धोकाही असतो."

"आणि कॅन्सर? तो कशानं जास्त जातो?"

"तुमच्या बाबतीत दोन्ही सारखंच. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. तुमचं काम काय, दिवस कसा जातो, त्यावर ठरवा."

सारखंच आहे तर मग हा माणूस मला घाबरवतोय कशाला? मी मालनकडं बघितलं. ती खाली फरशीकडं बघत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"डॉक्टर, तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?"

"कुणी?"

"न्हाई. असंच."

"उद्या सकाळी राउंडला येईन तेव्हा सांगा," ते म्हणाले आणि कागद माझ्या उशाशी ठेवून गेले.

मी कागदाचा बोळा केला. "आठ-दहा वेळा तर आठ-दहा वेळा! निदान माणसासारखं माणूस तरी राहीन. पोटाला घाण बांधून चुलीपाशी बसू होय? पिशवी लावलेल्या बाईच्या हातचं कोण खाईल?"

मालननं थर्मास उचलला आणि चहा आणते म्हणून बाहेर गेली. चहा नुकताच झाला होता.

आता माझा संशय का बळावला ते सांगते, म्हणजे मला उगाच खाष्ट म्हणणार नाही तुम्ही. खाष्ट आहेच, पण उगाच नाही.

खानावळीत माझ्या नाकाचा दरारा होता. आमटी तळाला लागायच्या आधी मला गल्ल्यावर कळायचं. पीठ काल दळलंय का परवा, हे मी डबा उघडताच सांगायचे. आणि सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम होता, तो मी जास्तच कडक केला होता. चुलीपाशी बसलेली बाई मधे उठून परसाकडं गेली, तर पुन्हा अंघोळ करून लुगडं बदलल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही. कामाला आलेल्या कितीतरी बाया ह्या नियमापायी सोडून गेल्या. भर जेवणाच्या वेळेला कोण अंघोळी करणार? मालन मात्र सकाळी एकदा बसली की शेवटचं ताट उठेपर्यंत हलायची नाही. सासूबाई होत्या तोवर येताजाता सांगायच्या, "धाकटीकडं बघून शिका."

पण तिची बाकीची लक्षणं मला कधीच धड वाटली नाहीत. सकाळी न्हाणीघरात शिरली की तासभर कडी उघडायची नाही. एवढं काय न्हात असेल? कुणाच्या लग्नाला गेली तर मुक्काम करायची नाही, रात्रीच परत. पिठाचा पिंप उचलायचा म्हटलं की, "आक्का, माझ्या पाठीत उसण भरलीय." कायम उसण!

आणि तिची कंबर. पदर सदा गुंडाळून डाव्या बाजूला खोचलेला, आणि त्या पदराआड काहीतरी फुगीर. मी कितीदा बघितलं होतं. खानावळीतल्या बाया कनवटीला काय काय लावून नेतात ते मला माहीत आहे. खोबऱ्याची वाटी, बेदाणे, काजू. मालन काय नेत असेल? माझी चटणी. आमची कांदा-लसणाची चटणी म्हणजे खानावळीचा जीव. मिरची किती, धणे किती, दगडफूल कधी भाजायचं, हे मी कुणालाच कळू दिलं नव्हतं. मला वाटायचं, ही रोज चिमूट-चिमूट नेते, जिभेवर घेते, आणि एक दिवस माझी चटणी मलाच करून दाखवते.

ह्याच्यावर आणखी एक होतं. हे महिन्या-दोन महिन्यांनी सांगलीला हळद-मिरचीच्या खरेदीला जायचे. पोती मला दाखवायचे. पण पोत्याबरोबर खाकी कागदात बांधलेला एक पुडका यायचा, तो मागच्या दारानं मालनच्या खोलीत जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिचं औषध हाय, पाठीचं." औषधाला एवढा पुडका? मी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं आणि खरं काहीतरी वंगाळ निघालं असतं, तर मी कुठं गेले असते? रात्र-रात्र मी ह्यांच्याकडं पाठ करून पडायचे आणि ह्यांना वाटत असेल, कामानं दमली.

तर अशी ही मालन. आता ती माझ्या पोटाचा निकाल लावायला निघाली होती. मला कायमची पिशवी लागली की मी चुलीपासून उठले. मी उठले की चूल कुणाची? सरळ हिशेब होता.

ती चहाला गेल्यावर मी ह्यांना धरलं.

"अहो, तुमचं काय मत हाय?"

"मला वाटतं..." ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अवघड बोलायचं असलं की टोपी खाली येते. "मालन म्हणते त्यात तथ्य हाय."

"म्हणजे तिनं तुमच्याशीही बोलणं केलंय! मालन काय डॉक्टर हाय?"

"डॉक्टर न्हाई. पण तिला... हे बघ, मला काही विचारू नको. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"विष्णूला. तो जाताना."

"कसला शब्द?"

"सांगता येत न्हाई म्हणून तर शब्द म्हणतात त्याला," असं म्हणून टोपी डोक्यावर ठेवून हे निघून गेले. चांगल्या माणसाचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

मी एकटी पडून सगळी जुळवाजुळव केली. मरता भाऊ काय मागेल? माझ्या बायकोला वाऱ्यावर सोडू नको, खानावळीत तिचा वाटा ठेव, म्हणेल. वाटा म्हणजे काय, तर मी आडवी झाले की सगळीच तिची. अहो, घामानं उभी केलेली खानावळ ती! सासूबाई गेल्यावर गल्ल्यापासून राखेपर्यंत मी एकटीनं ओढली. मरणाचं मला एवढं भय वाटत नव्हतं, खरंच सांगते. जगून माडीवर खुर्चीत बसायचं आणि खालून दुसरीच्या हातच्या फोडणीचा वास घ्यायचा, ह्या विचारानं माझं काळीज कुरतडलं जात होतं. मला रडू आलं. मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं, मग डोळे पुसले आणि मालनची वाट बघत बसले.

ती पेज घेऊन आली. शेजारची खाट रिकामी होती, सिस्टर दुसऱ्या खोलीत होती.

"आक्का, गरम हाय तोवर पी."

"ठेव तिथं. दार लाव."

तिनं दार लोटलं.

"कडी लाव."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि कडी लावली.

"सकाळी सिस्टरला काय सांगत होतीस? माझं नाव घेऊ नका म्हणून?"

तिचा चेहरा उतरला. "तू जागी होतीस?"

"मी सोळा वर्षं जागीच हाय. तुला काय वाटलं, मला दिसत न्हाई? न्हाणीघरात तास-तास काय करतीस? सांगलीहून तुला काय येतं? कमरेला काय खोचून नेतीस रोज? आधी चटणी नेलीस, आता चूल पाहिजे! मला जन्माची पिशवी लावून बसवायची आणि..."

"चटणी?" ती म्हणाली. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"नाटकं करू नको. आत्तासुद्धा हाय तुझ्या कमरेला. बघ, हे बघ!" मी सलाईनचा हात सांभाळत वाकले आणि तिच्या पदराचं टोक धरून जोरात ओढलं. "काढ. काय हाय ते मला बघू दे. आज न्हाई दाखवलंस तर परत माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

मालननं माझा हात धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"बघायचंच हाय?"

"बघायचंच हाय."

तिनं पदर सोडला. निऱ्यांच्या वरची घडी खाली केली, परकराची नाडी सैल केली आणि पोलकं वर धरलं. पोटाच्या डाव्या अंगाला, बेंबीच्या जरा खाली, कातडीच्या रंगाची एक पिशवी चिकटवलेली होती. हाताच्या पंजाएवढी. पिशवीवर तिनं पांढऱ्या सुती कापडाची खोळ शिवून घातली होती, तिला बारीक दोऱ्याची किनार होती.

मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. मालननं पोलकं तसंच धरून ठेवलं होतं, जसं काही मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

"तुलाही हेच?" मी शेवटी म्हटलं.

"तुला जे हाय तेच. पुण्याला झालं ऑपरेशन. घरी सगळ्यांना गर्भाशयाचं म्हणून सांगितलं. ह्यांना आणि भाऊजींना तेवढं ठाऊक."

"आणि सांगलीचा पुडका?"

"पिशव्या. मिरजेला मिळतात, सांगलीला गेले की भाऊजी तिथनं आणून देतात. ह्यांनी जाताना शब्द घेतला होता, कुणाला कळू द्यायचं न्हाई आणि पिशव्या कमी पडू द्यायच्या न्हाईत."

माझा नवरा सोळा वर्षं बायकोचा संशय अंगावर घेत पिशव्या आणत होता. मला काय वाटायचं ते त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

मग मी एक गोष्ट केली. लाज वाटते, पण केली. मी नाक पुढं करून वास घेतला. तिच्या पोटापाशी. ज्या नाकानं पिठाचं वय सांगितलं त्या नाकानं मी दोनदा, तीनदा वास घेतला. लसणाचा वास येत होता. आमच्याच चटणीचा, तिच्या पदराला लागलेला. बाकी काहीही नाही.

"येतो?" मालननं विचारलं.

"न्हाई."

"दुपारी म्हणालीस ना, पिशवी लावलेल्या बाईच्या हातचं कोण खाईल. तूच खाल्लंस, आक्का. रोज."

ती हे रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती हळूच म्हणाली आणि नाडी बांधायला लागली. मी तिला खाटेवर माझ्याशेजारी बसवलं.

"मला का सांगितलं न्हाईस गं? एवढी वर्षं!"

"तुला?" ती हसली. "परसाकडं जाऊन आलेल्या बाईला तू पिठाला शिवू देत न्हाईस. मी तर ते पोटावर घेऊन बसलेली. तू मला एक दिवस ठेवली असतीस?"

नसती ठेवली. तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"मला तर विचारलंही नव्हतं कुणी, कायमची का तात्पुरती," मालन म्हणाली. "गाठ मोठी होती. शुद्धीवर आले तर लावलेलीच. पहिलं वर्ष मी कुणाच्या समोर जेवले न्हाई. मग हे गेले. मी कारखान्याच्या मागची विहीर बघून ठेवली होती, आक्का. भाऊजी न्यायला आले म्हणून राहिले. इथं आले, तू चुलीपाशी बसवलंस, आणि पहिल्याच दिवशी माझी भाकरी उलटून बघून म्हणालीस, हिचा पापुद्रा बरा सुटतो."

"मी म्हणाले?"

"तू कुणाला बरं म्हणत न्हाईस. म्हणून ध्यानात राहिलं. त्या रात्री मी पोटभर जेवले."

बाहेरून कुणीतरी दार हलवलं आणि पुढं गेलं. मग माझ्यातली खानावळवाली जागी झाली.

"वाकून भाकरी थापतीस ती कशी? सुटत न्हाई?"

"नीट लावली की न्हाई सुटत. पहिल्यांदा सुटली दोन-चारदा. सकाळी न्हाणीत त्या वाटेनं पाणी चढवून धुऊन काढते, त्यालाच तास लागतो. मग नवी लावते, अंघोळ करते. दिवसभर काही येत न्हाई बहुतेक. म्हणून मला मधे उठावं लागत न्हाई. तुझा नियम तुला आठवतो न्हवं? आठ वेळा पळशील तर आठ अंघोळी करशील? भर जेवणाच्या पंगतीत? चार दिवसांत तूच चूल सोडशील. म्हणून सिस्टरला सांगत होते. तुला सांगायचं तर हे दाखवावं लागलं असतं."

"मग मी ओढून बघितलं ते बरंच झालं."

"बरं कसलं? पदर फाडलास माझा."

खरंच फाटला होता, काठापासून वितीवर. मी हसायला लागले आणि पोट दुखून कळवळले. मग तीही हसली. सोळा वर्षांत आम्ही दोघी मिळून असं हसलो नव्हतो.

"माझं कुणाला सांगू नको," ती नंतर म्हणाली. "वन्संना तर मुळीच नको." वन्सं म्हणजे आमच्या नणंदबाई. मला भेटायला आल्या आणि जाताना एसटीतल्या सगळ्यांना माझी गाठ कुठं आहे ते सांगत गेल्या. "एवढी वर्षं ज्यांना फसवलं त्यांना आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"न्हाई सांगणार."

"शप्पथ?"

"चटणीची शप्पथ," मी म्हटलं. ह्याच्यावर मोठी शपथ माझ्याकडं नव्हती.

सकाळी एस्तेर सिस्टर पेन घेऊन आली. पिशवी कुठं येणार त्या जागेवर खूण करायची असते, दोन्ही बाजूंना, काय ठरेल ते ठरो. तिनं मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. डाव्या बाजूला फुली मारायला लागली तेव्हा मालन शेजारून म्हणाली, "सिस्टर, तिथं नाडी येते." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो, आणि ती खिडकीकडं वळली. मी सरळ फरशीवर मांडी घालून बसले, परात पुढ्यात आहे असं समजून दोन्ही हातांनी भाकरी थापली. सिस्टर बघतच राहिली.

"परातीचा काठ इथं टेकतो मला," मी पोटाला बोट लावून दाखवलं. "ह्याच्या वर घ्या."

डॉक्टर मगदूम आले तेव्हा मालन थर्मासचं झाकण लावत होती.

"काय ठरलं, बाई?"

"कायमची."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "काल तर तुम्ही ऐकायला तयार नव्हता. कुणी काही सांगितलं का?"

मालनचा हात झाकणावर थांबला.

"न्हाई," मी म्हटलं. "असंच."

झाकण पुन्हा फिरायला लागलं.

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी मी चुलीपाशी बसले. माझं मी लपवलं नाही, लपवणं माझ्या स्वभावात नाही. ज्याला खायचं त्यानं खावं म्हटलं. दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं तुटली, एकजण आठवड्यात परत आला. तो परसाकडचा नियम मी मोडून टाकला, साबणानं हात धुवा आणि बसा म्हटलं, आणि कामाला बाया टिकायला लागल्या. मालननं मला पाणी चढवायला शिकवलं, खोळी शिवून दिल्या. लोकांना वाटायचं, थोरलीची सेवा करता करता धाकटीला सगळं यायला लागलं. चटणी मी तिला शिकवली. तिची माझ्यापेक्षा बरी व्हायची. हे मी तिला सांगितलं मात्र नाही, आणि आता ते राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात मालन गेली. कॅन्सरनं नाही, झोपेत, हृदय बंद पडून. सकाळी मी हाका मारल्या, दार ढकललं, तर गार झालेली.

वन्सं आल्या, भावकीतल्या बाया जमल्या. न्हाणं घालायला पाणी तापलं, चौघीजणी पदर खोचून तयार झाल्या. मी बादली उचलून आत नेली आणि आतून कडी लावली.

"अगं, एकटी काय करतीस? दार उघड!" वन्सं दारावर थापा मारत होत्या. "मी नणंद हाय तिची! माझा हक्क हाय!"

"मी जाऊ हाय," मी आतून म्हटलं आणि दार उघडलं नाही.

पाणी गरम होतं. मी तिची पिशवी सावकाश काढली, ओढ बसू दिली नाही, जशी तिनं मला शिकवली होती तशी. जागा धुतली, पुसली, वर कापसाची घडी ठेवून पट्टी लावली. मग अंघोळ घातली, हिरवं लुगडं विधवेला नको म्हणतील म्हणून निळं नेसवलं आणि पदर गुंडाळून डाव्या बाजूला खोचला, तिच्या पद्धतीनं. पिशवी, खोळ आणि कपाटातल्या उरलेल्या पिशव्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधल्या आणि माझ्या कमरेला, उजव्या अंगाला, पदराआड खोचल्या. मग कडी काढली.

वन्सं दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी मालनकडं बघितलं, तिच्या मोकळ्या गळ्याकडं, आणि मग माझ्या कमरेकडं. माझ्या डावीकडचा फुगवटा माझ्या पिशवीचा, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांची नजर उजवीकडं होती.

"काय गं हे कमरेला?"

"काही न्हाई."

"तिची मोहनमाळ होती, दोन पदरी. विष्णूनं केलेली. कुठं हाय?"

ती मोहनमाळ मालननं पुण्यालाच विकली होती, पहिल्या वर्षाच्या पिशव्यांसाठी. मला ठाऊक होतं. वन्संना नव्हतं.

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

साऱ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी पदर घट्ट ओढून घेतला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. भावकीत आजही बोललं जातं की थोरलीनं मढ्याच्या अंगावरचं सोनं काढून घेतलं. आमचे हे ऐकतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि काही बोलत नाहीत. मीही बोलत नाही.